शिट्टी येते का?

कौशल्या इंगोलेला खुर्चीत बसवून ठेवणं सात वर्षांत कुणालाही जमलेलं नाही. बसली की डावा पाय हलायला लागतो. पाय आवरला की पेनच्या टोपणाशी चाळा सुरू. पेन काढून घेतलं तर बाई सरळ उठते आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत एक फेरी मारून येते. विभागातल्या सिस्टर म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. वय एक्केचाळीस, अंगानं काटकुळी, मूळची वाशिमकडची. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नाही, तेव्हा आपणही बोलायचं कारण नाही.

बी.फार्म. करून ती पुण्यात आली तेव्हा आधी हिंजवडीत एका कंपनीत लागली. दिवसभर पडद्यासमोर बसायचं, आकडे तपासायचे आणि कंपनीच्या बसमधून दीड तास कुथत घरी यायचं. आठ महिन्यांत तिनं राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाली, "मले बसवत नाही." मग शहरातल्या एका रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून चिकटली. म्हणजे काय, तर डॉक्टर ऑपरेशन करतात आणि पेशंटचं पुढे काय झालं हे वर्षभर त्याच्या मागे लागून विचारत राहते ती कौशल्या. इथे हिंडायला मिळतं, माणसं भेटतात, भांडायलाही मिळतं. बाई रमली.

विभागाचे प्रमुख डॉक्टर आमोद फाटक. हात सोन्याचा, जीभ कातरीची. गेली सात वर्षं त्यांचा एकच ध्यास होता. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात लाळेची एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की काढावी लागते. पंचाईत अशी, की चेहरा हलवणारी नस नेमकी त्या ग्रंथीच्या पोटातून जाते. जुन्या पद्धतीत चीर कानापुढून खाली मानेपर्यंत यायची, आणि तो व्रण जन्मभर मिरवावा लागायचा. डॉक्टर आमोद चीर कानामागे केसांत लपवायचे. व्रण दिसतच नाही. पण अडचणीच्या जागेतून हात घालायचा म्हणजे नसेला इजा होण्याची भीती. ती भीती खरी की खोटी, ते बघायला हा अभ्यास होता. चौऱ्याऐंशी पेशंट घ्यायचे आणि ऑपरेशननंतर वर्षानं प्रत्येकाचा चेहरा नीट हलतो का ते बघायचं. नियम आधीच लिहून ठेवला होता: चेहऱ्यात कायमची कमजोरी राहिलेले पाचपर्यंत निघाले तर ठीक. सहावा निघाला की ही चीर बंद आणि अभ्यासही बंद.

त्या सोमवारी सकाळी तनयाचा फोन आला. तनया म्हणजे हिंजवडीत बसून या अभ्यासाचे आकडे जुळवणारी मुलगी.

"कौशल्या मॅम, तुमचा डेटा फुल रेड दाखवतोय. पर्मनंट कमजोरी, ट्वेन्टी-सेव्हन."

"किती?"

"सत्तावीस, मॅम. फ्रायडेला तीन वाजता सेफ्टी कमिटीची मीटिंग आहे ना? मला हेच पाठवावं लागेल."

 सत्तावीस? या सत्तावीस जणांशी ती स्वतः बोलली होती. तीन-चार जण सोडले तर कुणाच्या तोंडातून पाणी गळत नव्हतं, कुणाचा डोळा उघडा राहत नव्हता. तिनं फाइली काढल्या. चार पुरुष होते, त्यांचं खरंच बिनसलं होतं, डॉक्टरांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. उरलेल्या तेवीस बायका. तेवीसच्या तेवीस जणी वर्षाच्या तपासणीला न येता फोनवर बोललेल्या. आणि सगळ्यांचं उत्तर एकाच प्रश्नाला नकारार्थी. कपाळाला आठ्या पडतात का? हो. डोळे घट्ट मिटतात का? हो. दात दाखवता येतात का? हो. गाल फुगतात का? हो. शिट्टी वाजवता येते का? नाही.

गाल फुगवता येतात त्या बाईला शिट्टी का येऊ नये? कौशल्यानं तीन फेऱ्या मारल्या, दोन चहा घेतले, तरी उत्तर सापडेना. शेवटी तिनं यादीतलं सगळ्यात जवळचं नाव काढलं आणि पर्स उचलून मंडईत निघाली.

वेणूबाई मंडईच्या बाहेरच्या अंगाला पालेभाजी घेऊन बसायच्या. वय साठीच्या पुढे, गाव पौडाकडचं. कौशल्या पोचली तेव्हा त्या मेथीच्या जुड्यांमागे बसून बशीत चहा ओतत होत्या.

"या मॅडम! काय, परत परीक्षा हाय का?" वेणूबाई हसल्या. हसू दोन्ही बाजूंनी सारखं. मग त्यांनी बशी तोंडाशी नेली आणि चहावर फुंकर घातली.

कौशल्या बघतच राहिली. ओठ छान गोल झाले होते, मधोमध एवढंसं भोक. शिट्टीला ओठ याहून वेगळे काय करायचे असतात?

"मावशी, एक शिट्टी वाजवा बरं."

"अगं बया!" वेणूबाईंनी बशी खाली ठेवली. "बायामाणसानं शिट्टी मारायची? भर बाजारात? तुमी सांगताय काय!"

"पण मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही नाही येत म्हणालात."

"मग? न्हाईच येत. जन्मात कधी मारली असती तर आली असती!"

घ्या! कौशल्या तिथेच मेथीच्या पाटीवर बसली. वेणूबाई ओरडल्या, "अवो, जुड्या!" तशी पुन्हा उठली. येत नाही. तिला हसूही येत होतं आणि रडूही. तिनं विचारलं होतं, शिट्टी येते का. बायकांनी ऐकलं, शिट्टी वाजवायला शिकलायत का. जसं पोहणं येतं का, सायकल येते का. आणि बायका बिचाऱ्या खरं तेच बोलल्या होत्या.

याहून वाईट पुढे होतं. तो प्रश्न तिचाच होता. इंग्रजी फॉर्मवर लिहिलं होतं की शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ आवळून दाखवा. मराठी फॉर्म करायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा ती हरखून गेली होती. पुण्यात आल्यापासून जो तो तिची भाषा सुधारायचा. भाजीवाल्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळे "मले नाही हो, मला" म्हणायचे. आणि आता पुण्याच्या रुग्णालयाचा मराठी फॉर्म वाशिमची पोरगी लिहिणार! पहिल्या खेपेला तिनं सरळ लिहिलं होतं, "ओठांचा चंबू करता येतो का?" मग वाटलं, चंबू काय? कमिटीतले प्राध्यापक हसतील, गावंढळ म्हणतील. तिनं ते खोडलं आणि शुद्ध, सभ्य वाक्य लिहिलं: "आपणांस शिट्टी वाजवता येते का?" भाषांतरकार म्हणून खाली तिचं नाव छापलेलं होतं. त्या फॉर्मची एक प्रत तिनं आईला दाखवायला गावी नेली होती. आता त्याच एका वाक्यापायी सगळ्यांची सात वर्षं पाण्यात जाणार होती.

मंगळवारी सकाळी ती डॉक्टर आमोदांच्या खोलीत गेली.

"बसा," ते म्हणाले.

"नको सर."

"बरं. मग उभ्यानं बुडवा मला. सत्तावीसचं ऐकलंय मी."

तिनं सगळं सांगितलं. चंबूसकट. मधे कुठेही थांबली नाही. थांबले तर पळून जाईन, हे तिला माहीत होतं.

डॉक्टर आमोदांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "म्हणजे सात वर्षं आपण चेहऱ्याच्या नसेवर संशोधन करतोय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात आपण पुण्यातल्या बायकांचे संस्कार मोजत होतो."

"चूक माझी आहे सर."

"भाषांतर तुमचं. सही माझी. ऑपरेशनच्या आधी यांना शिट्टी येत होती का, हे विचारायला कुणी सुचवलं नाही. मलाही सुचलं नाही." त्यांनी चष्मा चढवला. "आता आणखी एक सांगतो. आकडा वाईट आला म्हणून पुन्हा मोजला, असं जग म्हणेल. आणि जगाचं फारसं चुकणार नाही."

"म्हणून तुम्ही तपासायचं नाही, मीही नाही," कौशल्या म्हणाली. " फिजिओच्या डॉक्टर निशांना द्या. त्यांना या अभ्यासाशी घेणंदेणं नाही. आणि कमिटीला आजच लेखी कळवू, माझ्या नावानिशी. फक्त शुक्रवारपर्यंत सगळ्या तेवीस जणी झाल्या पाहिजेत."

"तुमच्या नावानिशी म्हणजे तुमच्या नोकरीचं पुढचं कंत्राट..."

"मला माहिताय सर," ती म्हणाली आणि दार लोटून निघालीसुद्धा.

पुढचे तीन दिवस कौशल्या जेवली कधी हे तिचं तिलाही सांगता येणार नाही. ज्यांना येणं शक्य होतं त्या रुग्णालयात आल्या. बाकीच्यांच्या घरी जाऊन तिनं मोबाइलवर चित्रण करायचं आणि निर्णय डॉक्टर निशांनी द्यायचा, असं ठरलं. प्रत्येकीला दोनच गोष्टी. ओठांचा चंबू करून फुंकर घाला. आणि ऑपरेशनच्या आधी शिट्टी येत होती का ते सांगा. येत होती आणि आता येत नाही म्हणजे गेली. तो आकडा मोजायचा.

बायकांनी तिची चांगलीच फिरकी घेतली. धायरीतल्या एका बाईंनी सुनेला हाक मारली, "अगं ये, या मॅडम मला शिट्टी शिकवायला आल्यात!" दुसरी म्हणाली, "आमच्या घरी शिट्टी फक्त कुकर मारतो हो, आणि तोही तीनच." एका बाईंना फुंकर घालताना इतकं हसू आलं, की चार वेळा चित्रण करावं लागलं. कौशल्याही हसली, पण निघाली की पुन्हा घड्याळ बघायची. रिक्षा सिग्नलला थांबली की ती उतरून चालायला लागायची. रिक्षावाले वैतागायचे.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत बावीस झाल्या. एकवीस जणींचा चेहरा चोख. एक तरुण मुलगी मात्र खरोखर कमजोर निघाली. कॉलेजात नाटकात शिट्ट्या वाजवायची, आता फुसकन हवा जाते म्हणाली. चार पुरुष आणि ती, पाच. पाच चालतात. कौशल्यानं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. उरली एक, मंदाकिनी लेले. कसबा पेठ. वय बहात्तर, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. फोन उचलत नव्हत्या.

गणिताच्या निवृत्त बाई, तीही कसब्यातली! ही कशाला शिट्टी वाजवतेय? कौशल्यानं मनातल्या मनात तिला त्या एकवीस जणींत टाकूनही दिलं. म्हणजे ती धरून बावीस.

शुक्रवारी बाराच्या सुमारास ती बोळाबोळांतून विचारत लेल्यांच्या इमारतीपाशी आली. दुसरा मजला. दार मंदाकिनीबाईंनीच उघडलं. गोऱ्या, उंच, कडक इस्त्रीचं पातळ.

"रुग्णालयातून ना? फोन मुद्दामच उचलला नाही. रोज पंधरा जण कर्ज देतो म्हणून करतात. या. दोन मिनिटं थांबा, यांना बोलावते."

त्या गॅलरीत गेल्या आणि स्टीलच्या ताटलीवर चमचा बडवू लागल्या. ठण ठण ठण. खाली कुलूपवाल्याच्या दुकानापुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. श्यामसुंदर लेले. डोळ्यांनी जवळजवळ अधू. ते जिना चढून आले, कोण आलंय ते विचारलं आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले.

"विचारा काय विचारायचंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

कौशल्यानं चूक काय झाली ते सांगितलं. अमुक इतके निघाले की अभ्यास बंद, हे सांगायला नको होतं तेही तोंडातून निसटलं.

"मग किती झाले?" बाईंनी विचारलं.

"पाच."

"आणि चालतात किती?"

"पाच."

"म्हणजे गणित माझ्यापाशी अडलंय."

 कौशल्यानं अजून मोबाइल सुरू केलेला नव्हता. "ओठांचा चंबू करून एकदा फुंकर घालून बघा ना," ती म्हणाली.

मंदाकिनीबाईंनी ओठ गोल केले. झालेही जवळजवळ गोल. पण डावा कोपरा किंचित ढिला राहिला आणि हवा तिकडून निसटली. किंचित. बहात्तराव्या वर्षी चेहरा असाच असतो, असं कौशल्यानं स्वतःला बजावलं. डॉक्टर निशाही तेच म्हणतील. उत्तर 'येत नव्हती' असलं की झालं.

"आधीही तुम्हाला कुठली शिट्टी येत असणार म्हणा," ती घाईघाईनं बोलून गेली.

मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. पस्तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेली ती नजर. "काय सांगितलं तर तुमच्या डॉक्टरांचं बरं होईल?"

"येत नव्हती असं."

"मग तसं सांगू? माणूस भला आहे तो. टाके काढताना स्वतः आला होता."

कौशल्या उठली. गॅलरीत गेली. खालून रिक्षा जात होत्या, कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं. ही एकच बाई. कुणाला कळणार आहे? सर वाचतील, अभ्यास वाचेल, कौशल्याही वाचेल. पण आजपर्यंत जे झालं ती चूक होती. आता लिहिलं तर ते खोटं असेल. तिला स्वतःचा इतका राग आला, की गॅलरीच्या कठड्यावर तिनं मूठ आपटली. मग आत येऊन मोबाइल सुरू केला आणि समोर धरला. तिनं सांगितलं तशी बाईंनी पुन्हा फुंकर घातली, आणि हवा पुन्हा डाव्या कोपऱ्यातून निसटली.

"खरं काय ते सांगा, बाई. ऑपरेशनच्या आधी तुम्हाला शिट्टी येत होती?"

"येत होती."

श्यामसुंदर खुर्चीतल्या खुर्चीत हसले. "येत होती? अहो मॅडम, अख्ख्या बोळाला माहीत आहे! हाका मारल्या तर या गाड्यांच्या आवाजात ऐकू येतात का? हिनं वरून एक लांब शिट्टी दिली की मी समजायचं, पानं घेतली. चाळीस वर्षं." मग त्यांचं हसू थांबलं. "होती म्हणजे? आता येत नाही?"

मंदाकिनीबाईंनी ताटलीतला चमचा उचलून बाजूला ठेवला.

"मंदा, मी वर्षभर समजतोय तू माझ्यावर रागावलीयस. ताट बडवतेस म्हणून."

"रागवायला काय झालंय मला?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, कानामागची चीर घे, तुझा चेहरा आहे तसा राहू दे. दिसत नसलं तरी तो मला आठवतो म्हणालात. मग तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू, की त्याच चिरेनं गेली म्हणून?"

म्हातारबुवांनी हात पुढे केला. चाचपडत तिचा चेहरा शोधला, डाव्या ओठाचा कोपरा शोधला आणि बोट तिथेच ठेवलं. कौशल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मोबाइल अजून चालूच होता. तिनं तो बंद केला. फॉर्म काढला, मांडीवर ठेवला आणि लिहिलं: पूर्वी येत होती, आता येत नाही.

तेवढ्यात डॉक्टर आमोदांचाच फोन आला. "काय झालं?"

"चित्रण निशा मॅडमना पाठवतेय. पण सहा होणार, सर."

 "नक्की?"

"नक्की."

"बरं. उद्याच्या ऑपरेशनच्या यादीत एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे, स्वराली. तिच्या आईला मीच सांगतो, चीर पुढूनच घ्यावी लागेल. तुम्ही पावणेतीनला या. कमिटीपुढे तुम्हीच वाचायचं."

तिनं फोन ठेवला तेव्हा श्यामसुंदर तिच्या दिशेनं तोंड करून बसले होते.

"बाई, तुम्ही हे लिहिलंत त्यानं हिची शिट्टी परत येणार का?"

"नाही काका."

"मग लिहून उपयोग काय?"

याचं उत्तर कौशल्याला तोंडपाठ होतं. संमतिपत्राच्या दुसऱ्या पानावर ते छापलेलं होतं आणि चौऱ्याऐंशी जणांना तिनं ते वाचून दाखवलं होतं. पण आज ते पाठ म्हणून न दाखवता तिनं फॉर्मची घडी घातली.

"पुढचीची जाणार नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि नवऱ्यापुढे ताट सरकवलं. "जेवा आता. आमटी निवतेय."